भर दुपारी काळवंडणारा आरसा

वाचकाचं पत्र :

‘आमच्याकडे एक जर्मन सेडान आहे, सेकंडहँड घेतलेली. गाडीला दहा वर्षं होऊन गेलीत. महिन्यातून एखाददोनदा मी स्वतः चालवत नाशिकहून ठाण्याला लेकीकडे जाते. मागून प्रखर उजेड आला की या गाडीचे आरसे आपोआप काळे होतात. गेल्या पावसाळ्यापासून उजव्या साइड मिररच्या खालच्या कडेला चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग आलाय आणि तो वर सरकतोय. रात्री हा आरसा अर्धाच काळा होतो, डागाजवळचा भाग लख्ख राहतो. मध्यंतरी दारावर चिकट ओघळ दिसला, तो मी फडक्याने पुसला. शिवाय दिवाळीपासून नवीनच सुरू झालंय : भर दुपारीसुद्धा आरसे मधेच निळसर काळे पडतात, आतलाही. दिवाळीत मिस्टरांनी डॅशकॅम बसवला, तेव्हा एखादी वायर ओढली गेली असेल का? गॅरेजवाला म्हणतो पाणी गेलंय, सर्किट उडालंय, आतला आणि बाहेरचा दोन्ही आरसे अख्खे बदला. भाचा म्हणतो, काच काढून इंजेक्शनने जेल भरता येतं, व्हिडिओ आहे. मिस्टर म्हणतात, चालतंय तोवर चालू दे. मिक्सर, इस्त्री मी घरीच उघडते. हेही जमेल का?’

— एक वाचक, नाशिक

ताई,

मिक्सर उघडणाऱ्या बाईला आरशाची भीती घालण्यात काही अर्थ नाही. जमेल. फक्त नेमकं काय करायचं ते आधी ठरवू, कारण तुमच्या पत्रात एक नाही, दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि गॅरेजवाल्याने दोन्हींची एकच मोट बांधून तुमच्या डोक्यावर ठेवलीय. डाग आणि ओघळ हे काचेचं दुखणं. दुपारचा काळोख हे, माझी जवळजवळ खात्री आहे, डॅशकॅमचं. पण वायर ओढली गेली म्हणून नव्हे. तो जिथे चिकटवलाय त्या जागेमुळे.

हे दुसरं फुकटात सुटतं, म्हणून ते आधी घेऊ.

उजेड ओळखायची अक्कल बाहेरच्या आरशाला नसते. ती सगळी आतल्या आरशात. त्याला दोन डोळे असतात : एक तुमच्या बाजूला, आरशाच्या चौकटीत किंवा काचेच्या आतच बसवलेला, तो मागच्या काचेतून येणारा उजेड बघतो. दुसरा आरशाच्या पाठीवर, पुढच्या काचेकडे तोंड करून, तो बाहेर दिवस आहे की रात्र ते बघतो. पुढे अंधार आणि मागून झगझगीत उजेड, असं दोन्ही जुळलं तरच आरसा काळा व्हायचा. बाहेरचे आरसे आतल्याचा हुकूम पाळतात, बस.

आता तो पुढचा डोळा झाकला तर? गाडीला वाटतं, रात्र झाली. मग दुपारी मागून ऊन आलं की आरसा इमानेइतबारे काळा होतो. बिघाड कुठेच नाही, बिचारा सांगितलेलं काम करतोय. डॅशकॅम बहुतेक जण आरशाच्या मागे, काचेला चिकटवून बसवतात, दिसायला अडचण नको म्हणून. फास्टॅगचं स्टिकरही तिथेच लागतं. दोन्हीपैकी काहीही त्या डोळ्याच्या समोर आलं की हा खेळ सुरू. आरशाच्या पाठीमागे बोट फिरवून बघा, काळ्या प्लास्टिकमध्ये एक बारीक भोक किंवा चकचकीत ठिपका सापडेल. कॅमेरा त्याच्या समोरून दोन-तीन इंच बाजूला सरकवा. कॅमेऱ्याची वायर डोळ्यावरून गेली असेल तर तीही हलवा.

याच्या उलटही होतं. मागच्या काचेला जाळीचा पडदा लावला, किंवा मागच्या सीटवर खिडकीच्या उंचीपर्यंत सामान रचलं, की तुमच्याकडचा डोळा आंधळा होतो आणि आरसा रात्रीही काळा होत नाही. लग्नसराईत गाडी भरून नेणाऱ्यांची ‘आरसा बिघडला’ ही तक्रार बऱ्याचदा अशी असते. आणि रिव्हर्स गिअर टाकला की बहुतेक गाड्यांत आरसे मुद्दाम उजळ होतात. तोही बिघाड नव्हे, हेही कुणीतरी गॅरेजमध्ये विचारून पैसे घालवलेले असतात.

कॅमेरा हलवल्यावर तपासायचं कसं? संध्याकाळी, अंधारात, गाडी उभी करून इग्निशन ऑन ठेवा, गिअर रिव्हर्सला नको. आतल्या आरशाचं डिमिंगचं, म्हणजे काळं होण्याचं, बटण असेल तर त्याचा दिवा लागलाय ना बघा. पुढच्या डोळ्यावर काळी टेप लावा आणि मोबाईलची टॉर्च तुमच्याकडच्या डोळ्यावर धरा. काही सेकंदांत आतला आरसा निळसर-हिरवट होत काळवंडेल. टॉर्च काढली की हळूहळू उजळेल, काळं व्हायला लागतो त्यापेक्षा उजळायला वेळ जास्त लागतो, घाबरू नका. टेप काढायला मात्र विसरू नका, नाहीतर उद्या दुपारी परत मला पत्र.

हे झालं की आतला आरसा ठणठणीत आहे हे सिद्ध झालं. त्याचा खर्च यादीतून खोडा.

आता उजवा आरसा. गॅरेजवाल्याचं ‘सर्किट उडालं’ हे म्हणणं तुमच्याच पत्रातल्या एका वाक्याने खोटं पडतं : आरसा अर्धा काळा होतो. अर्धा काळा होतोय म्हणजे करंट काचेपर्यंत पोचतोय. सर्किट उडालं असतं, वायर तुटली असती, तर तो अख्खा लख्ख राहिला असता. म्हणजे वायरिंग शाबूत, काच गेलेली. काचेला तुम्ही ‘आरसा’ म्हणता, पण आत एक छोटं रासायनिक यंत्र आहे. दोन काचा, त्यांच्यामध्ये मिलिमीटरच्याही अंशाएवढी फट, आणि त्या फटीत एक जेल. दोन्ही काचांच्या आतल्या अंगाला डोळ्याला न दिसणारा, वीज वाहून नेणारा थर. त्या थरांना साधारण सव्वा व्होल्ट दिलं की जेलमधली द्रव्यं रंग बदलतात आणि काळसर होतात, वीज काढली की परत पारदर्शक. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या जेंटेक्स कंपनीने 1987 मध्ये असा आरसा बाजारात आणला, आणि आज यातलं सगळ्यात मोठं नाव तेच. मोठ्या गाडीपुरतंच होतं ते आता मध्यम गाड्यांच्या आतल्या आरशातही आलंय.

या दोन काचांच्या कडा एका पक्क्या सीलने बंद केलेल्या असतात. वर्षानुवर्षं ऊन, पाऊस, दार आपटणं, उन्हाळ्यात तापलेलं पार्किंग हे सगळं सोसून ते सील एखाद्या जागी सुटतं. मग दोन गोष्टी होतात : जेल बाहेर झिरपतं आणि हवा-ओल आत शिरते. तुमचा तपकिरी डाग तो हाच. जिथलं जेल गेलं किंवा बिघडलं तिथे काळं व्हायला काही उरलंच नाही, म्हणून तेवढा भाग लख्ख. आणि ओघळ म्हणजे पावसाचं पाणी नव्हे, ते जेल.

म्हणून मिस्टरांना सांगा, चालू देता येणार नाही. जेल त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतं, आणि दाराच्या रंगावर, प्लास्टिकवर, सीटच्या कापडावर राहिलं तर डाग पाडतं. गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये याबद्दल स्पष्ट इशारा असतो. पुन्हा ओघळ दिसला तर कोरड्या फडक्याने घासू नका, भरपूर पाणी आणि साबण वापरा, हातमोजे घाला, ते फडकं परत स्वयंपाकघरात नको. गेल्या वेळी पुसलेली जागा एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन टाका. हात डोळ्याला लागलाच तर डोळा वाहत्या पाण्याखाली धरा आणि जळजळ थांबली नाही तर डॉक्टर.

भाच्याचं इंजेक्शन. त्याचा उत्साह कौतुकाचा, पण याबाबतीत माझं मत पक्कं आहे : नको. सुईने जेल भरायचं म्हणजे नेमकं काय भरणार? ते मेडिकलच्या दुकानात मिळत नाही. ती ठरावीक रसायनं असतात, ठरावीक प्रमाणात, आणि एकही बुडबुडा न ठेवता भरून बंद केलेली. काही लोक दोन्ही काचा वेगळ्या करून जेल धुऊन काढतात आणि एकटी मागची काच साधा आरसा म्हणून चिकटवतात. ऐकायला छान वाटतं. पण बाहेरचा आरसा बाक दिलेला असतो, काच पातळ, कड फोडताना हमखास चिरते, आणि अनेक आरशांत चकाकणारा थर मधल्या बाजूलाच असतो, तो धुताना जेलसोबत निघून येतो. हातात काय उरतं, तर चिरलेली बोटं आणि पारदर्शक काच. हा व्हिडिओ बघायला ठीक आहे, करायला नाही.

मग घरी काय करायचं? काच बदलायची. अख्खा आरसा नव्हे, फक्त काच, तिच्या मागच्या प्लास्टिकच्या पाटीसकट. कव्हर, मोटर, फोल्ड होणारा भाग, सिग्नलचा दिवा, सगळं तुमचंच राहतं. गॅरेजवाल्याला ‘असेंब्ली’ विकण्यात सोय असते आणि नफाही, म्हणून तो तेच आधी सुचवतो. तुम्ही ‘फक्त मिरर ग्लास, हीटेड, ऑटो डिमिंग’ असं शब्दांत मागा. हीटेड म्हणजे विजेने तापणारी.

मागण्याआधी जुनी काच काढून बघा, कारण पार्ट नंबर तिच्या पाठीवर छापलेला असतो. काढायचं असं. गाडी सावलीत, इग्निशन बंद. हातमोजे आणि चष्मा, दोन्ही सक्तीचे, गळकी काच हातात येणार आहे. कडेने फुटली तर तुकडे एकत्र राहावेत म्हणून काचेवर रंगकामाची चिकटपट्टी आडवी-उभी लावा. दाराच्या रंगावर जाड टॉवेल. आता काचेची आतली कड, म्हणजे गाडीकडची, अंगठ्याने हळूच आत दाबा, बाहेरची कड पुढे येईल. त्या फटीतून प्लास्टिकची पट्टी किंवा लाकडी उलथनं घाला, स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत प्लास्टिक कडक झालेलं असतं, तेव्हा हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं काच कोमट करून घ्या. मग मध्यापासून बाहेर, जरा जोर देऊन उचला, ‘कट्’ असा आवाज येतो आणि काच सुटते. तो आवाज खटक्यांचा, काचेचा नव्हे. पहिल्यांदा ऐकताना काळजात धस्स होतं, पण ते लॉक सुटल्याचंच असतं. काही मॉडेलमध्ये काचेमागे एक फिरती रिंग किंवा आडवा खटका असतो. जोर लावूनही हलत नसेल तर थांबा, तुमच्या मॉडेलची रीत वेगळी आहे.

काच सुटली म्हणून ओढू नका. मागे वायरी आहेत. साधारण चार : दोन रुंद पिनांच्या काच तापवायच्या, दोन बारीक त्या डिमिंगच्या. काढण्याआधी मोबाईलने फोटो. कनेक्टर पिनेला धरून काढा, वायरीला नाही. पिनांवर हिरवट गंज दिसला तर तो ओल शिरल्याचा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, जुन्या टूथब्रशने घासा. काचेत ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणारी शेजारची गाडी कळवणारा, नारिंगी दिवा असेल तर वायरी जास्त असतील आणि नवीन काचही तशीच हवी, नाहीतर ती सोय कायमची बंद.

ज्यांचा आरसा तुमच्यासारखा अर्धा नाही, मुळीच काळा होत नाही, त्यांच्यासाठी इथेच एक चाचणी, कारण त्यांची काच बहुधा चांगली असते. निघालेल्या काचेच्या दोन बारीक पिनांना एक 1.2 व्होल्टचा रिचार्जेबल पेन्सिल सेल काही सेकंद जोडा. काच काळवंडली तर ती निरोगी, दोष वायरीचा. सेल काढला तरी ती थोडा वेळ काळी राहते, दोन पिना एकमेकींना जोडल्या की उजळते. गाडीच्या बॅटरीचे 12 व्होल्ट इथे चुकूनही नकोत. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरीही नको, जेल कायमचं जातं. आणि दोष वायरीचा निघाला तर बहुतेक वेळा ती तुटलेली असते आरसा फोल्ड होतो त्या बिजागरीत. रोज दोनदा वाकून-वाकून तांबं थकतं. ती जोडायला दाराचं पॅनेल उघडावं लागतं आणि काही गाड्यांत दारातच एअरबॅगचा सेन्सर असतो, म्हणून तिथे चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला गाठा. तुम्हीसुद्धा, ताई. मिक्सर उडाला तर नुसता वास येतो, एअरबॅगचं तसं नाही.

खरेदी करताना तीन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, बाजू. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, युरोपात बहुतेक ठिकाणी डावीकडे. ऑनलाइन ‘ड्रायव्हर साइड’ म्हणून मागवलेली काच डावीकडची निघू शकते, दोन्हींचा आकार आणि बाक वेगळा. दुसरं, अमेरिकेतून कुणी नातेवाईक आणणार असेल तर तिथल्या नियमाने चालकाकडची काच सपाट असते, आपल्याकडची बाकदार. चित्र एकदम मोठं आणि जवळ दिसतं, घाटात ओव्हरटेक करताना हिशेब चुकतो. तिसरं, चोरीचा माल. महागड्या गाड्यांचे आरसे रात्रीत उपटून नेले जातात आणि ते कुठेतरी विकलेही जातात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत कश्मीरी गेट, सगळीकडे प्रामाणिक दुकानदार भरपूर आहेत, पण बिल देतो का ते आधी विचारा. ‘बिलाचं काय करायचं’ म्हणणाऱ्याकडून नको. जुन्या गाडीची काढलेली काच घेत असाल तर खिशात तो पेन्सिल सेल घेऊन जा आणि काउंटरवरच लावून बघा. दुकानदार जरा चमकून बघेल, बघू दे.

बजेट बसत नसेल तर आणखी एक रस्ता आहे, तो गॅरेजवाले सहसा सांगत नाहीत. त्याच मॉडेलची साधी, डिमिंग नसलेली हीटेड काच बऱ्याचदा मिळते आणि पुष्कळ स्वस्त पडते. बारीक पिनांचा कनेक्टर मोकळा राहतो, त्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून आत बांधून ठेवा. बाकदार काच उजेड पसरवते, त्यामुळे झगझगाट तिथे आधीच थोडा कमी असतो. तुमच्या डाव्या आरशाकडे नीट बघा, बऱ्याच गाड्यांत तो मुळातच डिम होत नाही आणि तुम्हाला इतकी वर्षं कळलंही नसेल. कसारा घाटात मागे अप्पर टाकून येणारे ट्रक पाहता तुम्हाला पूर्ण डिमिंगच हवं असेल, तर घ्या महागडी, माझी हरकत नाही. डोळे तुमचे आहेत.

बसवताना : कनेक्टर फोटोप्रमाणे, वायर खटक्यात अडकत नाही ना बघा, मग सुती फडकं मधे धरून तळहाताने काचेच्या मध्यावर दाबा. कोपऱ्यावर कधीच नाही, नवी काच तिथेच तडकते. सगळे खटके लागल्याचे आवाज आले की आरसा वर-खाली, डावी-उजवी पूर्ण फिरवून बघा आणि मग टॉर्चची चाचणी परत एकदा. हीटिंगही लावून बघा, पाच मिनिटांत काच हाताला कोमट लागायला हवी.

विम्याचं विचारलं नाहीत, पण मिस्टर विचारतील. गळती ही झीज धरली जाते, अपघात नव्हे, त्यामुळे साध्या पॉलिसीत क्लेम बसत नाही. ‘दगड लागला असं सांगा’ असा सल्ला कुणी देईल, तो खोटेपणा तर आहेच, शिवाय तोट्याचाही. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, पहिल्या वर्षी 20 टक्के आणि सलग पाच वर्षांनी 50 टक्क्यांपर्यंत जातो, तो एका काचेपायी उडवायचा म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार.

जुनी काच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, वर जाड वर्तमानपत्र गुंडाळा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘फुटकी काच, केमिकल’ असं लिहून घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या, ओल्या-सुक्यात टाकू नका. पुढे तो कचरा कुणीतरी हाताने निवडतं.

नवीन काच येईपर्यंत रात्रीचा प्रवास करावाच लागला तर उजवा आरसा किंचित खाली आणि बाहेर वळवून ठेवा, मागच्या गाडीचा झोत थेट डोळ्यात येणार नाही. गळती चालू असेल तर काचेच्या खालच्या कडेला रुंद टेप लावा, ओघळ दारावर यायचा थांबेल. आणि डॅशकॅम आजच सरकवा, त्याला ना पार्ट लागतो ना गॅरेज.